तुझ्या फोनची बाजू

ताई,

तुझ्या फोटोला घालायला हार आणला आणि फोटोच मिळेना. समीर सकाळीच सिंगापूरच्या लिटल इंडियात जाऊन मोगऱ्याचा घसघशीत हार घेऊन आला, फ्रेमवाल्याशी बोलून ठेवलं, आणि मी फोन हातात घेऊन तुझा फोटो शोधत बसले. माझ्या फोनमध्ये फोटोंना काय तोटा! ईराचे, समीरचे, डोशांचे, पुंगोलच्या खाडीवरच्या सूर्यास्ताचे. तू कशातच नाहीस. असलीस तर पाठमोरी, नाहीतर चेहऱ्यासमोर हात धरलेली. शेवटी तुझ्या कंपनीतून तुआसच्या प्लँटच्या गेटपासवरचा फोटो मागवला. त्यात तू अशी बघतेयस की फोटो काढणाऱ्यानं आधी तुझी परवानगी घ्यायला हवी होती. तोच मोठा करून लावला. येणारा प्रत्येक जण हात जोडत होता आणि तू प्रत्येकाकडे संशयानं बघत होतीस. मला रडता रडता हसू आलं आणि समीरला वाटलं, बायकोला आता डॉक्टरकडे न्यावं लागणार.

आज तेरा दिवस झाले. तू कधी गेलीस, कशानं गेलीस हे मी इथे लिहीत नाही. तसले तपशील कुणाला देऊ नयेत असं तूच सांगायचीस. जन्मतारीख विचारणाऱ्या प्रत्येक दुकानाच्या फॉर्मवर तू बेधडक एक जानेवारी लिहायचीस आणि मग दर एक जानेवारीला तुला केकवर सवलत मिळायची. मला बोलायचंय ते बाबा गेले त्या दिवसाबद्दल, आणि तुझ्या फोनबद्दल. सहा वर्षं आपण त्यावरून कुरबुरलो, पण त्यातली खरी गोष्ट मी तुला कधी सांगितलीच नाही. हॉस्पिटलमध्ये सांगायला गेले तर तू सांगू दिली नाहीस. आता ऐकावंच लागेल. उठून जायची सोय नाही तुला.

पण आधी फोन. तो फोन आपल्या घराण्यात बाबांच्या रक्तदाबाइतका चर्चेचा विषय होता. तू दुकानातून नवाकोरा फोन आणलास आणि त्याच संध्याकाळी त्यातलं मूळचं सगळं पुसून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीस, जी म्हणे आपली माहिती कुणाला पाठवत नाही. मी समोर बसून बघत होते. हजार डॉलरचा फोन काळा पडला, त्यावर पांढरी अक्षरं सरसर पळायला लागली, आणि तू तोंडात शेंगदाणे टाकत म्हणालीस, बिघडला तर बिघडला. नाही बिघडला. पण त्यात काहीच नव्हतं. लोक ज्यात दिवसभर बुडलेले असतात त्यातलं एकही ॲप नव्हतं. ईरा तेव्हा लहान होती, तिनं तो हातात घेऊन वरखाली केला आणि इथल्या शाळकरी इंग्रजीत निकाल दिला, "मावशीज फोन सो बोरिंग, लाह." तुला तो शेरा इतका आवडला की तू तो कौतुकानं सगळ्यांना सांगायचीस.

बँकेचं ॲप त्या फोनवर चालायला तयार नव्हतं. मग तू दुसरा एक साधा फोन घेतलास, फक्त बँकेसाठी आणि सरकारी लॉगिनसाठी, आणि तो टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या खणात, पोळपाटाशेजारी ठेवून दिलास. त्याला तू पाहुणा म्हणायचीस. पाहुण्याचा मान ठेवावा, पण त्याला घरभर हिंडू देऊ नये, हे तुझं धोरण. कधी कधी पाहुण्याच्या अंगावर पीठ सांडलेलं असायचं.

आणि तो तुझा नकाशा. सगळं जग वापरतं तो नकाशा तुला नको, कारण तो आपण कुठे जातो हे लिहून ठेवतो. तुझा नकाशा लोकांनी हौसेनं मिळून तयार केलेला. आम्ही पुंगोलला नवीन राहायला आलो तेव्हा तू त्याच्या भरवशावर निघालीस, एलआरटीच्या छोट्या रेल्वेची उलट्या दिशेची गाडी पकडलीस, सगळा वळसा घालून भलत्याच स्टेशनवर उतरलीस आणि तिथून नकाशानं तुला एका पत्र्याच्या कुंपणापाशी आणून सोडलं. मी बाल्कनीतून बघत होते. हातात पुरणपोळ्यांचा डबा घेतलेली तू कुंपणाशी उभी, आणि फोनवर मला सांगत होतीस की रस्ता बरोबर आहे, इमारतच चुकीच्या जागी आहे. त्या दिवशी जेवण झाल्यावर तू माझ्या सोफ्यावर बसून आमच्या ब्लॉककडे येणारी पायवाट त्या नकाशात स्वतः भरलीस. तक्रार कशाला करायची, भरून टाकायची, म्हणालीस. ती पायवाट अजून त्यात आहे.

मला तुझी चेष्टा करायला आवडायचं हे खरं, पण मी तुझ्यावर जळायचेही. मी एका बँकेत ऑडिटमध्ये, दिवसभर इतरांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी मान मोडेपर्यंत फोन खाली सरकवत बसायचं. तुला ते करताना मी कधी पाहिलं नाही. तुआस ते टॅम्पिनीस म्हणजे बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एमआरटी मेट्रो, आणि तू त्या प्रवासात पुस्तकं वाचायचीस किंवा खिडकीबाहेर बघत बसायचीस. मला कंटाळा येत नाही, म्हणायचीस. मला तो यायचा, आणि तुला येत नाही याचा रागही यायचा.

शनिवारी तुझ्या ब्लॉकखालच्या दगडी टेबलाशी तुझा दवाखाना भरायचा. शेजारचे लिम अंकल, निवृत्त शाळामास्तर, पहिले पेशंट. त्यांचा जुना लॅपटॉप नवीन सिस्टीम पेलत नव्हता आणि मुलगा म्हणत होता टाकून द्या. तू त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकून दिलीस आणि तो टुणटुणीत झाला. मग अंकलनी आणखी दोन म्हाताऱ्यांना आणलं. अंत्यविधीला अंकल आले होते, पांढरा शर्ट घालून. बराच वेळ तुझ्या त्या संशयी फोटोसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "युअर सिस्टर, शी ऑलवेज आस्क मी फर्स्ट, अंकल, व्हॉट यू वॉन्ट टु डू? माय सन नेव्हर आस्क." मी त्यांचा हात धरला. तू मलाही तेच विचारायचीस, मने, तुला या फोनवर नक्की करायचंय काय? आणि मी पुन्हा फोन खाली सरकवायला लागायचे.

तुझं एकूण म्हणणं साधंच होतं. मला काही सांगायचं असेल तर मला फोन करा. पत्र लिहा, घरी या, हाक मारा. सगळ्यांसाठी एकदम भिंतीवर चिकटवलेलं मी वाचायला येणार नाही. घराण्याचा ग्रुप काकांच्या महेशदादानं सुरू केला तेव्हा सगळ्यांनी तुला गळ घातली. तू म्हणालीस, पुण्याचा मोरांबा कसा झाला हे मला कळलं नाही तरी चालेल, आणि कळवायचंच असेल तर बरणी पाठवा. सगळे हसले. तू ग्रुपवर नाहीस हे आमच्या अंगवळणी पडलं. आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टी विसरायला सोप्या असतात, हे आम्हाला पुढे कळलं.

ईरा चार वर्षांची झाली तेव्हा मी तिचे फोटो नेटवर टाकले. परीचा झगा, केकचं क्रीम नाकाला, आंघोळीच्या टबातला एक. दोनएकशे जणांनी बघितले असतील. तुला कुणीतरी सांगितलं असावं, कारण तुझा फोन आला. टबातला तरी काढून टाक म्हणालीस. मी म्हटलं, माझी मुलगी आहे. तू म्हणालीस, तुझी आहे, पण फोटो तिचे आहेत, मोठी झाल्यावर तिला हे आवडेल का हे तुला आज माहीत नाही. शब्दाला शब्द वाढला. मी म्हटलं, तुला मूल नाही म्हणून तुला हे सुचतं. बोलले आणि जीभ चावली, पण फोन ठेवून झाला होता. तू पुन्हा लावला नाहीस, मीही नाही. सख्ख्या बहिणी, एका बेटावर, आणि आठवडाभर अबोला. टबातला फोटो मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला होता. ते मात्र तुला कळवलं नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी ग्रुपवर महेशदादाचा निरोप आला. बाबांना हॉस्पिटलमध्ये हलवलंय, छातीत दुखतंय, डॉक्टर बघताहेत. पाठोपाठ दुसरा: सगळ्यांना कळवलंय. समीर घरी होता, म्हणून ईराला त्याच्याकडे सोडून मी दुपारचं मुंबईचं विमान धरलं. महेशदादाला वाटलं, ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं. आईला वाटलं, सिंगापूर म्हणजे शेजारशेजारची दोन घरं, एकीला कळलं म्हणजे दोघींना कळलं. सगळ्यांनी पुढे हेच सांगितलं, आणि ते त्यांच्यापुरतं खरं होतं. मलाही कुणी विचारलं की मी म्हणायचे, मला वाटलं दादानं तिला फोन केला असेल.

ते खोटं होतं, ताई. मला तसं वाटलं नव्हतं.

चांगी विमानतळावर गेटपाशी बसले होते. विमानाला अजून पाऊण तास होता. मी यादीत तुझं नाव काढलं, अंगठा त्यावर ठेवला. तू टॅम्पिनीसला घरी होतीस, टॅक्सीनं पंधरा मिनिटांवर. मी फोन लावला असता तर तू चप्पल सरकवून निघाली असतीस, आणि या विमानात नाही तर पुढच्या विमानात नक्की असतीस. आणि माझ्या मनात काय आलं? आलं, की असती ग्रुपवर तर कळलं असतं. बघू दे जरा एकटं राहून काय होतं. बाबांना तसं काही होणार नाही, उद्या फोन करू, मग तिलाही समजेल. हे सगळं मी शब्दांत म्हटलं नाही, पण अंगठा उचलला आणि फोन पर्समध्ये टाकला. मी विसरले नव्हते. घाईत नव्हते. रुसले होते.

पुण्याला पोचले तेव्हा बाबा जागे होते. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, मोठी कुठाय? मी म्हटलं, येतेय. पहाटे ते गेले. आईनं तुला फोन लावला तो त्यानंतर, आणि तुला एकाच वाक्यात दोन्ही कळलं, ते आजारी होते हे आणि ते नाहीत हे. तू मिळेल त्या विमानानं आलीस. तुझी टॅक्सी दारात आली तेव्हा बाबांना नेऊन दोन तास झाले होते. तू बाहेरच्या नळावर पाय धुतलेस, आत आलीस आणि बाबांच्या खुर्चीशेजारी खाली बसलीस. काकू हळूच, पण ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, ती कसला तो फोन वापरते, तिला कळवणार तरी कोण. तू मान वर केली नाहीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं; तू आता माझ्याकडे बघशील आणि विचारशील, याच धास्तीनं मी दहा दिवस तुझ्यासमोर एकटी बसले नाही.

तू विचारलंच नाहीस. तुझ्या फोनमध्ये माझा एकही कॉल आला नव्हता हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? महिन्याभरानं तुझ्या स्वयंपाकघरात आपण भांडी पुसत होतो आणि मला राहवलं नाही. आपला अपराध दुसऱ्याच्या गळ्यात मारला की जरा हलकं वाटतं. मी म्हटलं, "तुझ्या त्या फोनपायी बाबांची शेवटची भेट गेली." मला वाटलं, आता तू उसळशील. त्या फोनबद्दल कुणी ब्र काढला तरी तू तासभर वाद घालायचीस, समीर तर तुला चिडवायला मुद्दाम विषय काढायचा. तू हातातली कढई पुसलीस, खिळ्याला अडकवलीस आणि म्हणालीस, "असेल." आणि चहा टाकलास. ते एक असेल मी सहा वर्षं वागवलंय.

आई तर तेव्हापासून त्या फोनवर दात धरून होती. चतुर्थीला उपास सोडलास का एवढंच विचारायला फोन करायची, पण ठेवताना म्हणायची, तो फोन बदल बाई एकदाचा. आणि तू नुसतं हूं म्हणायचीस. आईपुढे तू त्या फोनची बाजू कधीच घेतली नाहीस, याचं मला नवल वाटायचं.

त्यानंतरच्या दिवाळीत आपण दोघी पुण्याला गेलो आणि तू बाबांचा जुना लॅपटॉप आईसाठी तयार केलास. किती दिवस तू नुसती आईशेजारी बसून तिचं बोट कुठे जातं ते बघत होतीस. आई चुकली की मी म्हणायचे, आई, तिथे नाही. तू मला गप्प करायचीस आणि म्हणायचीस, ती चुकत नाहीये, पडदा चुकतोय. शेवटी पडद्यावर तीनच चित्रं ठेवलीस, बशीएवढाली: मोठी, धाकटी आणि पेपर. मोठी दाबली की तुझा लॅपटॉप वाजणार, धाकटी दाबली की माझा. जाहिरात नाही, पासवर्ड नाही, मध्येच उगवणाऱ्या चौकटी नाहीत. ज्या आईनं आयुष्यभर टीव्हीचा रिमोट बाबांच्या हातून घेतला नाही, ती चार दिवसांत कॉम्प्युटर चालवायला लागली. शेजारणींना दाखवायची. तुझ्या फोनला नावं ठेवायची, पण मोठीनं केलेल्या कॉम्प्युटरचं काय कौतुक तिला.

या वर्षी तुझं हॉस्पिटलात राहणं सुरू झालं. आईला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून ती रोज दुपारी मोठी दाबायची आणि तू पलंगावरून तिला दिसायचीस. त्या अवस्थेतही तू माझ्यामागे लागलीस की लॅपटॉपची अपडेट राहिलीत, ती करून घे. मी तो पुढ्यात ओढला. तू मला एक कागद दिलास, त्यावर सहा मराठी शब्द. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, त्यात कोथिंबीर होती आणि एक आत्याबाई होती. हा पासवर्ड, म्हणालीस, पाठ कर आणि फाडून टाक. बाकीचे चार इथे लिहीत नाही. लिहिले तर तू हार बाजूला सारून उठून येशील. कागद मी फाडला नाही. त्यावर तुझं अक्षर आहे.

त्या दुपारी पलंगाशी बसून मी ठरवलं होतं, आज सांगायचं. लॅपटॉपवर अपडेटची रेघ हळूहळू पुढे सरकत होती. मी म्हटलं, "ताई, बाबांच्या वेळी मी ना..." तू डोळे न उघडता माझ्या मनगटावर हात ठेवलास. "मने, आधी ते पूर्ण होऊ दे. मध्येच थांबवलं तर बिघडतं." मी थांबले. रेघ शेवटाला गेली, तू म्हणालीस आता रीस्टार्ट कर, मी केला, आणि बघते तर तुला झोप लागली होती. पुन्हा तसा दिवस आला नाही. तुला खरंच अपडेटची काळजी होती की मला थांबवायचं होतं, हे मी तेरा दिवस स्वतःला विचारतेय.

तू गेलीस ते मी ग्रुपवर टाकलं नाही. एकेकाला फोन केला. आईला पहिला. मग काका, महेशदादा, तुझ्या वर्गातल्या दोघी, तुआसचा तुझा साहेब, लिम अंकल. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येकाचं रडणं ऐकायचं. महेशदादा म्हणाला, अगं एकदाच ग्रुपवर टाकायचंस ना, किती त्रास करून घेतेस. मी म्हटलं, असू दे दादा.

मग तुझा लॅपटॉप मी पुंगोलला आणला आणि सहा शब्द घालून उघडला. वाटलं होतं, बाईनं आत काय काय लपवलं असेल. काही नव्हतं, ताई. विजेची बिलं, भाज्यांच्या कृती, लिम अंकलसाठी मोठ्या अक्षरात लिहिलेल्या सूचना. आणि एक फोल्डर, त्याचं नाव 'ईराचे, ईराला विचारून'. आत दर वाढदिवसाचे फोटो. तू कधी काढलेस ते आम्हाला कळलंही नाही. मेणबत्ती विझवायच्या आधी गाल फुगवलेली, रुसून टेबलाखाली बसलेली, माझ्या मांडीवर झोपलेली. माझ्या हजारो फोटोंत असा एक नाही. मी ईराला बोलावलं आणि तुझ्या पद्धतीनं विचारलं, हे आजीला पाठवायचे का? दहा वर्षांची बया, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लेट मी सी फर्स्ट." एकेक बघितला, दोन नको म्हणाली, बाकीचे हो. तुझी भाची शोभते.

परवा रविवारी दुपारी तो लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता आणि अचानक वाजायला लागला. पडद्यावर आईचं नाव. उचलला. आईला वाटलं असेल चुकून बोट लागलं, म्हणून मी म्हटलं, आई, हे मोठीचं आहे, धाकटीवर दाब. आई म्हणाली, चुकून नाही, मुद्दामच दाबलं. वाजतं का बघत होते. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, बघ, हा कसा वाजतो. तो मेला फोन त्या दिवशी वाजला असता तर तिला तिचे बाबा भेटले असते.

मी म्हटलं, "आई, मी तिला फोन केलाच नव्हता."

आईला वाटलं मी दुःखानं बरळतेय. "केला होतास की," ती म्हणाली. "तीच म्हणाली मला, दहाव्याच्या दिवशी. मनी फोन करत होती, माझ्याच फोनची रिंग वाजली नाही. तिला काही विचारू नकोस म्हणाली, ती आधीच मनाला लावून घेतेय."

मग मी आईला सगळं सांगितलं. चांगीचं गेट, अंगठा, माझा रुसवा. आईनं चष्मा काढून बाजूला ठेवला. रागावेल असं वाटलं, रागावली नाही. एवढंच म्हणाली, "सहा वर्षं मी तिच्या फोनला बोलले, आणि ती हूं म्हणत राहिली." मग म्हणाली, जा, ईराला जेवायला वाढ, आणि तिनं कॉल बंद केला.

ताई, तू कधी खोटं बोलायची नाहीस. फॉर्मवरची जन्मतारीख सोडली तर तुझ्या तोंडून मी एक खोटं ऐकलं नाही. आणि ज्या फोनसाठी तू सगळ्यांशी भांडलीस, ज्याच्यापायी हट्टी म्हणवून घेतलंस, रांगेत रोख पैसे मोजताना लोकांचे सुस्कारे ऐकलेस, त्याच फोनवर तू माझा दोष घातलास. तुझ्याकडे माझी म्हणून एवढी एक गोष्ट होती आणि ती तू कुणाला कळू दिली नाहीस. मला वाटायचं, मी तुझ्यापासून काहीतरी लपवतेय. तूच ते माझ्यासाठी सांभाळत होतीस. मला तुझा राग येतोय, कारण तू मला माफी मागू दिली नाहीस. आणि तुझ्याशिवाय मी कुणाची बहीण, हे मला अजून समजत नाही.

काल मी पुन्हा सगळ्यांना फोन केले. काकूला, काकांना, महेशदादाला, त्या दिवशी बाबांच्या घरात जे जे होते त्या सगळ्यांना. ग्रुपवर नाही, एकेकाला. काकू म्हणाली, आता कशाला उकरून काढतेस ते. मी म्हटलं, काकू, ऐकून घ्या, आणि सांगितलं. तुलाही तेच सांगतेय, सहा वर्षं उशिरानं.

तुझा फोन चांगला होता, ताई. मी लावला असता तर वाजला असता.